नाव आमचं, नोंद दुसऱ्याची: उद्योग विभागाला एक खुलं पत्र

प्रति,
उद्योग विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा उद्योग केंद्रांचे महाव्यवस्थापक

विषय: कोकणातल्या लहान प्रक्रिया उद्योगांना परदेशात ट्रेडमार्क नोंदवण्यासाठी मदत मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच लिहिते, म्हणजे कामाच्या गडबडीत कुणी अर्धंच पत्र वाचलं तरी मुद्दा पोचेल. आंबा, काजू, कोकम, मसाले यांवर प्रक्रिया करणारे आमच्याकडचे लहान कारखाने आता परदेशात माल पाठवू लागले आहेत. त्यांच्या डब्यावरचं, बाटलीवरचं नाव त्या त्या देशात त्यांच्याच मालकीचं म्हणून नोंदलं जावं यासाठी जिल्हा उद्योग केंद्रातून माहिती, जाणकार माणूस आणि पैसा अशी तिन्ही मदत मिळावी. माझ्या पाहण्यात यातलं काहीही आमच्या तालुक्यांपर्यंत पोचलेलं नाही.

मी कुडाळात बसून निर्यातीची कागदपत्रं करते. कॅनिंगवाले, काजूवाले, घरगुती उद्योगातून वर आलेल्या बायका, दोन-चार बचत गट असे माझे अशील. त्यांच्या फायली मी रोज हाताळते. उद्यम नोंदणी असते, फूड लायसन्स असतं, आयात-निर्यात कोड असतो, शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेची नोंदणी असते, डब्याचा प्रयोगशाळेतला अहवाल असतो. माणसं कागदाला आळशी नाहीत. पण परदेशातला ट्रेडमार्क विचारला की बहुतेकांचं उत्तर एकच: "आहे ना, आपलं रजिस्टर केलेलं आहे." आणि भारतातलं प्रमाणपत्र पुढे करतात.

मालवण तालुक्यातल्या एका ताईंची हकीकत सांगते. नाव, गाव सांगत नाही, कारण त्यांचा धंदा अजून चालू आहे. सासूबाई रातांब्याची सोलं काढायच्या, पुटं देऊन आमसुलं वाळवायच्या, आगळ भरून ठेवायच्या. सुनेने त्यावर कोकम सरबताचा कारखाना उभा केला आणि ब्रँडला सासूबाईंचंच नाव दिलं. भारतात ट्रेडमार्क रीतसर नोंदवला. आखातातला एक व्यापारी माल घेऊ लागला. पैसे वेळेवर देणारा, बोलायला गोड. काही हंगामांनी शारजातून दुसऱ्या एकाने मोठी ऑर्डर दिली आणि ताईंनी त्यालाही माल पाठवला. थोड्याच दिवसांत त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला वकिलाची नोटीस आली: या नावाचा माल अमिरातीत विकायचा हक्क आमचा आहे, तुमचा साठा उचला.

नोटिशीसोबत अमिरातीतल्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत होती. मालक म्हणून त्या पहिल्या व्यापाऱ्याच्या कंपनीचं नाव, आणि चिन्हाच्या चौकटीत ताईंचंच लेबल. नुसतं नाव नव्हे, अख्खं लेबल. सासूबाईंचा नथ घातलेला चेहरा, बाजूला रातांब्याची डहाळी. त्या डहाळीचं खालचं पान अर्धवट कापलेलं आहे. गावातल्या छापखान्यात पहिल्या खेपेला कटिंग चुकलं, तेव्हा ते पान अर्धं गेलं आणि नवीन प्लेटचा खर्च नको म्हणून तसंच राहिलं. ते अर्धं पान अमिरातीच्या सरकारी कागदावर तसंच्या तसं उमटलेलं होतं. बाटलीवरचं लेबल सोलून स्कॅन केलं आणि अर्जाला लावलं, यापलीकडे त्या व्यापाऱ्याने काही केलेलं नव्हतं. ताई माझ्यासमोर बसून तो कागद बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाव माझ्या सासूचा, आणि इकूक परवानगी त्याची?"

हो, कायद्याने तसंच झालं होतं. सातबारा ज्या गावचा त्या गावापुरता चालतो, शेजारच्या गावच्या तलाठ्याकडे तो दाखवून उपयोग नाही. ट्रेडमार्कचंही तसंच आहे. आपल्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली मिळालेलं प्रमाणपत्र भारताच्या हद्दीत चालतं. दुबईत, मस्कतमध्ये, लंडनमध्ये त्याचा आपोआप काही हक्क निर्माण होत नाही. त्यातून कितीतरी देशांत आधी वापरणाऱ्यापेक्षा आधी नोंदवणाऱ्याला झुकतं माप मिळतं.

हे लहान माणसालाच भोवतं असंही नाही. टोयोटाने 'प्रियस' ही गाडी १९९७ साली जपानमध्ये बाजारात आणली. भारतात मात्र गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने ते नाव २००२ साली नोंदवून घेतलं होतं. टोयोटा कोर्टात गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि डिसेंबर २०१७मध्ये टोयोटा हरली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की तुमचं नाव जगात गाजलेलं असेल, पण इथल्या कंपनीने ते वापरायला घेतलं तेव्हा ते इथल्या बाजारात पोचलेलं होतं याचा पुरेसा पुरावा नाही. आपल्या न्यायालयाने हा नियम जपानी कंपनीला लावला, तसाच तो बाहेरच्या देशात आपल्या कोकम सरबताला लागतो. टोयोटाकडे लढायला वकिलांची फौज होती. आमच्या ताईंकडे मी आणि कणकवलीचे एक वकील.

ताईंना कायद्यात वाटच नव्हती, असं नाही. बौद्धिक संपदेच्या पॅरिस करारात यासाठीच एक कलम आहे. एजंटाने किंवा प्रतिनिधीने मूळ मालकाच्या संमतीशिवाय चिन्ह स्वतःच्या नावावर केलं, तर मालक त्याला हरकत घेऊ शकतो, नोंद रद्द करायला किंवा स्वतःच्या नावावर करून द्यायला सांगू शकतो. भारत १९९८पासून या करारात आहे, अमिरातीही आहे. पण तो नुसता माल घेणारा व्यापारी होता की प्रतिनिधी, इथपासून भांडण. ते लढायचं तर दुबईचा वकील, मुखत्यारपत्र नोटरीकडून आणि पुढे वकिलातीतून साक्षांकित करून घ्यायचं, प्रत्येक कागदाचं अरबी भाषांतर, आणि किती काळ लागेल याची हमी नाही. त्या सगळ्याचा खर्च ताईंच्या हंगामाच्या नफ्याच्या वर जात होता. शेवटी त्यांनी आखातासाठी वेगळं नाव घेतलं. त्या बाजारात सासूबाईंचं नाव आज दुसऱ्याचं आहे, आणि त्या नावाखाली कुठलं सरबत विकलं जातं ते आम्हांला ठाऊक नाही.

माल पाठवायच्या आधी अर्ज झाला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं. आणि आता तो अर्ज पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. हे शासनाला माहीत आहेच, पण आमच्या लोकांना माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मद्रिद प्रोटोकॉल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचा कारभार जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना बघते. भारतात तो ८ जुलै २०१३पासून लागू आहे. आपल्याकडे केलेला अर्ज किंवा झालेली नोंदणी पायाला धरून, आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीमार्फत, एकाच अर्जात पाहिजे तेवढे सदस्य देश मागता येतात. अर्ज ऑनलाइनच करायचा असतो. आपली रजिस्ट्री तो तपासून जिनिव्हाला पाठवते, तिथून तो निवडलेल्या देशांना जातो, आणि प्रत्येक देश आपल्या कायद्याने १२ किंवा १८ महिन्यांत हो की नाही ते कळवतो. नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरण एकाच ठिकाणी. नंतर एखादा देश वाढवायचा असेल तर तोही वाढवता येतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळं जग मागायची गरज नसते.

आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की अमिराती या करारात २८ डिसेंबर २०२१ला आल्या. ओमान आणि बहारीन आधीपासून होतेच, कतार २०२४मध्ये आला. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, सिंगापूर, कॅनडा, मलेशिया, जपान हे सगळे आहेत. कोकणातून माल जातो तिथल्या बऱ्याचशा बाजारांसाठी आता कुडाळातून किंवा चिपळूणमधून अर्ज करता येतो.

मग अडतं कुठे? एक तर पैशात. ट्रेडमार्क मालाच्या प्रकारानुसार ठरलेल्या वर्गांत नोंदवतात. भारतात अशा एका वर्गासाठी लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे, ती कुणालाही झेपते. मद्रिदच्या अर्जाला आपल्या रजिस्ट्रीची हाताळणी फी ५,००० रुपये, आणि जिनिव्हाची मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, म्हणजे साठ हजार रुपयांच्या वर. चिन्ह रंगीत असेल तर तीच फी ९०३ फ्रँक होते. शिवाय प्रत्येक देशाचे वेगळे: काहींचे १०० फ्रँक, तर अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ असे अनेक देश आपली फी स्वतः ठरवतात आणि ती बरीच जास्त असते. कुठे आक्षेप निघाला, तर उत्तर द्यायला तिथलाच वकील धरावा लागतो. दोन-तीन देश घेतले की लहान काजूवाल्याच्या डोळ्यांपुढे नवं कटिंग मशीन उभं राहतं आणि तो म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

पण फायली बघून मी सांगते, पैशाइतकंच माहितीतही अडतं. आणि ती माहिती मुंबईच्या एखाद्या चकचकीत सेमिनारमध्ये मिळणारी नाही, कारण ती आमच्या इथल्या धंद्याच्या घडणीला चिकटलेली आहे.

मालकीचंच घ्या. मद्रिदच्या अर्जात अर्जदार आणि भारतातल्या चिन्हाचा मालक एकच असावा लागतो. आमच्याकडे चिन्ह आजोबांच्या नावावर, कारखाना भावाभावांच्या भागीदारीचा, आयात-निर्यात कोड मुलाच्या नव्या कंपनीचा. तिन्ही घरचेच, म्हणून कुणाला काही खटकत नाही. बचत गटाचं त्याहून नाजूक आहे. बरेचसे गट कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नसतात, म्हणून चिन्ह त्या वेळच्या अध्यक्षांच्या नावावर नोंदवलेलं असतं. पुढे अध्यक्ष बदलतात. मनं चांगली आहेत तोवर चालतं. भांडण झालं की पंधरा-वीस बायकांनी मिळून मोठं केलेलं नाव एकीच्या घरी जातं. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था काढून चिन्ह तिच्या नावावर करून घेणं हे परदेशी अर्जाच्या आधीचं काम आहे, आणि ते करून देणारं माणूस तालुक्याला मिळत नाही.

लेबलाच्या चित्राचंही तेच. बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्याकडून किंवा ओळखीच्या चित्रकाराकडून लोगो काढून घेतात, पाचशे-हजार हातावर ठेवतात आणि काम झालं असं समजतात. पण वेगळं काही ठरलेलं नसेल, तर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराकडेच सहसा त्या लोगोचा कॉपीराइट राहतो. एका पानाचं हस्तांतरपत्र करून घेतलं की प्रश्न मिटतो. ताईंच्या हातात तसा तारखेचा कागद असता, तर त्या नथीच्या चेहऱ्यावरचा त्यांचा दावा आणखी भक्कम झाला असता.

लिपीची अडचण तर मी दर महिन्याला बघते. भारतात नोंदवलेलं चिन्ह देवनागरीत असतं. मद्रिदच्या अर्जात भारतातलं चिन्ह आहे तसंच द्यावं लागतं, अक्षर बदलायची सोय नाही. म्हणजे दुबईतही देवनागरी चिन्हाचीच नोंद होणार, आणि तिथे बाटलीवर छापणार रोमन आणि अरबी अक्षरं. तेव्हा परदेशाचा विचार असेल, तर भारतातच देवनागरी आणि रोमन असे दोन वेगळे अर्ज आधी करावेत. आखातात जाणाऱ्यांनी अरबीतला उच्चारही नोंदवून ठेवावा. अर्ज करताना ही गोष्ट कुणी सांगितली, तर खर्च थोडा वाढतो. नंतर कळली, तर सगळं पहिल्यापासून.

वर्गांचा घोळ लहान वाटतो, पण महागात पडतो. ताजा आंबा ३१व्या वर्गात, आमरसाचा डबा, आंबापोळी आणि भाजलेले काजूगर २९व्यात, मालवणी मसाला ३०व्यात, सरबत ३२व्यात. एकाच घरात हे चारही बनतं. नोंद मात्र जे पहिल्यांदा बनवलं त्याच्याच वर्गाची असते.

आणि नाव कसलं ठेवलं आहे ते. कोकण, हापूस, रत्नागिरी, देवगड, फ्रेश, नॅचरल असे शब्द जोडून केलेल्या नावांना इथेही जोर नसतो आणि बाहेर तर त्याहून नसतो, कारण माल कुठला आणि कसला हे सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही. इथे एक धोका मुद्दाम सांगते. मद्रिदची नोंद पहिली पाच वर्षं भारतातल्या पायावर उभी असते. त्या पाच वर्षांत भारतातला अर्ज फेटाळला गेला किंवा नोंद रद्द झाली, तर परदेशातली सगळी नोंद तिच्याबरोबर कोसळते. तीन महिन्यांत त्या त्या देशात थेट अर्जात रूपांतर करता येतं, पण त्याचा खर्च नव्याने. म्हणून ज्याचं नाव कमकुवत आहे, किंवा भारतात ज्याच्यावर हरकत चालू आहे, त्याने एकाच देशात माल पाठवायचा असेल तर मद्रिदच्या वाटेला न जाता तिथे थेट अर्ज करावा असं माझं मत आहे. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत बाहेर अर्ज केला, तर भारतातली तारीख तिथेही धरली जाते. हे सहा महिने आमच्या लोकांचे कळायच्या आत निघून जातात. अर्ज त्यानंतरही करता येतो, पण मधल्या काळात कुणी घुसला तर तो आपल्या पुढे.

नोंद झाली म्हणजे झोप लागली, असंही नाही. आयटीसीच्या 'बुखारा' या दिल्लीतल्या नामांकित हॉटेलचं नाव अमेरिकेत १९८७ साली नोंदलेलं होतं. न्यूयॉर्कचं त्यांचं रेस्टॉरंट १९९१मध्ये बंद झालं, शिकागोचं १९९७मध्ये. १९९९मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्याच जुन्या कर्मचाऱ्यांचा हात असलेलं 'बुखारा ग्रिल' सुरू झालं. आयटीसीने दावा लावला आणि २००७मध्ये अपील न्यायालयात ती हरली. कारण तिथे सलग तीन वर्षं नाव वापरलं नाही, तर ते सोडून दिलं असं गृहीत धरतात. अमेरिकेत नोंदणीनंतरच्या पाचव्या ते सहाव्या वर्षात, वापर चालू असल्याचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. आमच्याकडे एखादा हंगाम मोहोर जळून जातो, दुसऱ्या वर्षी भाव पडतात, तिसऱ्या वर्षी कंटेनर महाग होतो. अशा धंद्यात बिलं, शिपिंगचे कागद, लेबलांचे नमुने वर्षावार जपून ठेवायला कुणीतरी शिकवलं पाहिजे.

आता भौगोलिक मानांकनाबद्दल, कारण याचा गैरसमज सरकारी व्यासपीठावरूनच पसरतो. हापूसला २०१८मध्ये मानांकन मिळालं, वेंगुर्ला काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला त्याच्या आधी. आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण "आता जगात कुणी आपलं नाव वापरू शकणार नाही" असं भाषणात सांगितलं जातं, ते खरं नाही. मानांकन भारतीय कायद्याने मिळालेलं आहे आणि तेही भारतापुरतं. शिवाय ते साऱ्या परिसराचं आहे, एखाद्या कारखान्याच्या ब्रँडचं नाही. भारतातलं पहिलं मानांकन दार्जिलिंग चहाचं. तिथे टी बोर्ड तेवढ्यावर बसला नाही. अमेरिकेत प्रमाणन चिन्ह, युरोपात २०११मध्ये तिथलं स्वतंत्र मानांकन, असे देशोदेशी हक्क नोंदवत गेला. तरीही फ्रान्सच्या एका अंतर्वस्त्रांच्या कंपनीने 'दार्जिलिंग' हे नाव युरोपात मागितलं, तेव्हा टी बोर्डाचं अपील २०१७ साली युरोपीय न्यायालयाने फेटाळलं. इतकी तयारी असूनही ही गत. हापूस आणि कोकमाच्या नावावर परदेशात कोण कधी काय नोंदवतो यावर लक्ष ठेवणारं एखादं कार्यालय महाराष्ट्रात असेल, तर त्याचा पत्ता आम्हांला कळवावा. नसेल तर ते सुरू करावं. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, कृषी पणन मंडळ आहे, अपेडा आहे. जागतिक संघटनेचा ब्रँडचा डेटाबेस इंटरनेटवर फुकट बघता येतो. दर महिन्याला दोन तास बसून हापूस, अल्फान्सो, रत्नागिरी, देवगड, मालवणी, कोकम एवढे शब्द शोधायला एक माणूस पुरतो. हरकतीच्या मुदती मात्र थोड्या असतात, त्यामुळे हे काम नियमानेच झालं पाहिजे.

योजनांकडे येते. केंद्राच्या 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेत बौद्धिक संपदेच्या खर्चाची भरपाई आहे: परदेशी पेटंटला ५ लाखांपर्यंत, देशी पेटंटला १ लाख, भौगोलिक मानांकनाला २ लाख, आणि ट्रेडमार्कला १० हजार. परदेशी पेटंट आणि देशी पेटंट यांत तिथे फरक केला आहे, कारण बाहेरचा खर्च जास्त हे समजून घेतलं आहे. ट्रेडमार्कला तो फरक नाही. आमरसाच्या डब्याचं पेटंट कोण घेणार? कोकणातल्या उद्योगाची बौद्धिक संपदा म्हणजे त्याचं नाव आणि हाताची चव, आणि त्यातलं नोंदवता येण्याजोगं फक्त नाव. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्राला ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. गटांना ब्रँडिंगसाठी ५० टक्के मदतीची तरतूद आहे. त्या ब्रँडिंगच्या खर्चात परदेशी ट्रेडमार्कची फी धरली जाते, असं स्पष्ट शब्दांत लिहून द्या, म्हणजे बँकेतला आणि जिल्ह्यातला अधिकारी अडवणार नाही.

आणि भरपाई नको, फी थेट भरा. आधी स्वतः भरा, मग पावत्या लावा, मग वर्षभर वाट बघा, ही पद्धत लोटे किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला परवडते. घरामागच्या शेडमध्ये सरबत भरणाऱ्या बाईला परवडत नाही. पात्र उद्योगाचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्राने तपासावा आणि निदान एका देशाची फी राज्याने आपल्या खात्यातून भरावी. ज्याने निर्यातीचं एक तरी बिल किंवा परदेशी गिऱ्हाइकाची लेखी मागणी दाखवली, त्यालाच द्या. आम्ही सरसकट वाटप मागत नाही.

माणसाबद्दल म्हणाल तर रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग इथे आठवड्यातला एक दिवस ट्रेडमार्कचं काम जाणणारा माणूस बसवा. त्याने फॉर्म भरून द्यावा एवढंच नको. मालकी कुणाच्या नावावर, लिपी कोणती, वर्ग किती, मद्रिद की थेट, हे त्याने समोर बसून सांगावं. निर्यातीचं प्रशिक्षण तुम्ही देताच, त्यात पॅकिंग आणि लेबलिंगच्या शेजारी याला अर्धा दिवस द्या. तिथे एक साधी गोष्टही सांगितली जावी: गोलातलं आर हे नोंदणीचं चिन्ह भारतातल्या नोंदणीच्या जोरावर सगळीकडे छापायचं नसतं. ब्रिटनसारख्या देशात नोंद नसताना ती असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे, आणि आमचे लोक तेच लेबल लंडनच्या पेटीवर निष्पापपणे चिकटवतात.

याहून स्वस्त आणि लगेच होण्याजोगं एक काम आहे. परदेशी गिऱ्हाइकाबरोबर करायच्या कराराचा एक नमुना मराठीत आणि इंग्रजीत तयार करून तिन्ही केंद्रांत ठेवा. त्यात एवढं तरी असावं: नाव आणि लेबल उत्पादकाच्या मालकीचं, वितरक ते किंवा त्यासारखं दुसरं कुठेही स्वतःच्या नावावर नोंदवणार नाही, नोंदवलं तर मागताक्षणी विनामोबदला परत करील, आणि धंदा तुटला की वापर बंद करील. आमच्याकडे सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर होतो, माणूस गावचा किंवा ओळखीचा असतो, आणि करार मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं वाटतं. सरकारी शिक्क्याचा नमुना पुढे ठेवता आला, तर तो संकोच जाईल. "आमच्याकडे हा लागतोच" असं म्हणता येतं.

ज्याचा धंदा त्याने बघावं, सीए आहेत, वकील आहेत, शासन कुठे कुठे पुरणार, असं मला एका बैठकीत ऐकवण्यात आलं. मला ते पटत नाही. आंब्याला बाहेरच्या बाजाराची दारं उघडावीत म्हणून उष्णजल प्रक्रिया, विकिरण, बागांची नोंदणी हे सगळं शासनाने उभं केलं, कारण एकट्या बागायतदाराच्या ते आवाक्यातलं नव्हतं. फळमाशीपायी युरोपने २०१४ साली आपला आंबा अडवला, तेव्हा धावपळ शासनानेच केली आणि पुढच्या हंगामाला बंदी उठली. माल परक्या बंदरावर अडकला तर ती साऱ्या कोकणाची अडचण मानली जाते. नाव अडकलं तर ती एका बाईची खाजगी बाब, हे कसं?

हंगामाचं गणित तुम्हांला सांगायला नको. फेब्रुवारी-मार्चपासून पेट्या निघायला लागतात, एप्रिल-मेमध्ये कॅनिंग आणि रातांबे, आणि तेव्हा आमच्यातलं कुणी कागदाला हात लावत नाही. म्हणून दिवाळी ते संक्रांत या दिवसांत पहिलं शिबिर ओरोसला घ्यावं अशी विनंती आहे. जागा आणि माणसं जमवायचं आमच्याकडे लागलं. मालवणच्या ताई त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत घेऊन यायला तयार आहेत, बोलायलाही तयार आहेत. येताना कुणी कोणते कागद आणायचे त्याची यादी मी मराठीत करून ठेवली आहे, मागाल तेव्हा पाठवते. शिबिराला रजिस्ट्रीच्या मुंबई कार्यालयातला मद्रिदचं काम प्रत्यक्ष करणारा अधिकारी आणायचं तेवढं तुम्ही बघा.

कळावे,

आपली,
कुडाळात निर्यातीची कागदपत्रं करणारी एक